आधारपेशींचा इशारा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारली जाते की, तिच्याआड एखादा रोग दडला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. कोल्हापुरात जन्म घालविलेले वृद्ध गृहस्थ महाद्वार रोडवरून परतताना घरची गल्ली चुकले, तर घरचे लोक वयाला दोष देऊन मोकळे होतात. अल्झायमरच्या विकाराचे पहिले पाऊल बहुधा असेच दुर्लक्षित राहते.

1906 मध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी या रोगाचे वर्णन केले. त्यानंतर संशोधकांचे लक्ष मुख्यतः चेतापेशींवर राहिले. त्यांना आधार देणाऱ्या पेशी म्हणजे मेंदूतील केवळ गोंद, अशीच समजूत दीर्घकाळ होती. परंतु यांपैकी ताऱ्याच्या आकाराच्या पेशी चेतापेशींचे पोषण व रक्षण करतात. मेंदूत अमायलॉइडची पुटे साचू लागताच त्या उत्तेजित होतात आणि त्यांच्यातील ‘जीएफएपी’ हे प्रथिन रक्तात वाढू लागते. विस्मरण जाणवण्यापूर्वी काही वर्षे हा इशारा मिळू शकतो, असे अलीकडील संशोधन सांगते.

मात्र हे प्रथिन डोक्यास मार लागल्यानेही वाढते. म्हणून केवळ त्यावरून निदान करणे धोक्याचे ठरेल. या चाचणीचा बाजार मांडला जाऊ नये. शिवाय ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे विकार वा खिन्नता यांमुळेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. वेळीच तपासणी न झाल्यास बरा होण्याजोगा रुग्णही म्हातारचळाच्या नावाखाली वाया जातो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचा भार सरकार वाहत नाही; तो घरातील पत्नी, मुलगी वा सून वाहते. मेंदूतील आधारपेशींप्रमाणेच या आधाराचीही दखल उशिराच घेतली जाते.

चंदगड-शाहूवाडीच्या ग्रामीण रुग्णालयांतही वृद्धांची स्मृती रक्तदाबाइतक्याच नियमाने तपासली जावी, संशयित रुग्ण सीपीआरमध्ये पाठविला जावा आणि शुश्रूषा करणाऱ्यांना मार्गदर्शन मिळावे. यास महागडी यंत्रे लागत नाहीत. एवढी व्यवस्था उभी राहिली नाही, तर प्रयोगशाळेने कितीही लवकर दिलेला इशारा आपल्या दारी उशिराच पोहोचेल.