एकवीस अंकी संख्या आणि आपली गुपिते

राष्ट्रीय क्वांटम अभियानाची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते: क्वांटम संगणक आले की आजची गुपिते उघडी पडतील. वाक्य सर्वस्वी चुकीचे नाही. पण त्यातून असा समज होतो की, आज ती गुपिते सुरक्षित असल्याचे कुणी सिद्ध केले आहे. तसे कुणीही केलेले नाही.

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मिळते. मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या म्हणून नोंदवली. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळ नसल्याचे सिद्ध केले. मात्र तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता. अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

अवयवांवाचून हे कळते कसे? लहान उदाहरण घेऊ. २ हून मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकाने कमी इतका २ चा घात करून त्याला तिनेच भागले, तर बाकी १ उरते. हे फर्मा यांचे प्रमेय. आता १५ पाहा. २ चा १४ वा घात १६३८४, त्याला १५ ने भागल्यास बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही, आणि या आकडेमोडीत ३ वा ५ कुठेही डोकावले नाहीत. (ही कसोटी कधी फसतेही; २०४७ वर लावून पाहा. ल्युका यांची कसोटी अधिक पक्की होती.)

संख्या मूळ आहे की नाही, हे बहुपदीय वेळेत निश्चित सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव पाडण्याची तशी रीत साध्या संगणकासाठी सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेले नाही. डिजिटल स्वाक्षऱ्यांत सर्रास वापरली जाणारी आरएसए पद्धत या दोन नकारांच्या मधल्या जागेत उभी आहे. तिच्यातील प्रचलित संख्या ६१७ अंकी असतात. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडले गेले.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. क्वांटम यंत्रांवरील खर्च मला खटकत नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली वाट खरी आहे. पण ६००३.६५ कोटी रुपयांच्या या अभियानातील चारही केंद्रांच्या नावांत गणित नाही, हे मला खटकते. धोका यंत्राकडूनच येईल असे नाही. तो उद्या एखाद्या फळ्यावरूनही येऊ शकतो. कानपूरचे काम झाले तेव्हा कयाल आणि सक्सेना यांचे बी.टेक. नुकतेच संपले होते, आणि त्या कामाला प्रयोगशाळा लागली नव्हती. या केंद्रांत संख्याशास्त्राच्या नव्हे, तर संख्या-सिद्धांताच्या संशोधकांसाठी कायमच्या जागा हव्यात. आणि बातमी लिहिणाऱ्यांनी ‘अशक्य’ या शब्दाऐवजी ‘अद्याप अज्ञात’ असे लिहावे.