नेमणुकीच्या कागदांतला इतिहास

१/ इतिहास सहसा लढायांत आणि चळवळींत शोधला जातो. परंतु सत्तांतराची पूर्वतयारी अनेकदा नेमणुकीच्या रूक्ष आदेशांतून होत असते. रिझर्व्ह बँकेचेच उदाहरण घ्यावे.

२/ जुलै १९३९ मध्ये चिंतामणराव देशमुख बँकेत संपर्क अधिकारी म्हणून आले. तीन महिन्यांनी ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर.

३/ फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर पदावर असतानाच निवर्तले. ११ ऑगस्टला देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

४/ स्मरणात राहते ती हीच तारीख. मात्र आधीच्या तीन किरकोळ भासणाऱ्या नेमणुकांविना तिचे महत्त्व कळत नाही. १९४७ च्या फाळणीत चलनाची विभागणी करायची वेळ आली, तेव्हा त्या खुर्चीवर चार वर्षांचा अनुभवी गव्हर्नर होता. स्वातंत्र्याची चाहूल आस्थापनेच्या फायलींतही ऐकू येते.