तातडीची खरेदी, लांबलेला हिशोब

१२ मार्च २०२० रोजी देशातला पहिला कोरोनाबळी जाहीर झाला, तो आमच्या कलबुर्गीचा. पुढच्या काही आठवड्यांत महाराष्ट्राच्या सीमेवर नाके बसले. बीदर, भालकी, औराद, आळंदच्या माणसाला आजारपणात सोलापूर, लातूर, उदगीर हेच रस्ते ठाऊक. ते बंद झाले आणि सगळी भिस्त जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यावर आली. तिथे कोणता मास्क, कोणता किट, कोणतं इंजेक्शन येणार, हे ठरत होतं सुमारे सातशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूत. म्हणून खरेदीचा हा विषय मला राजधानीतलं राजकारण वाटत नाही. तो आमच्या जिवाचा विषय आहे.

सरकारी खरेदी पारदर्शक व्हावी म्हणून कर्नाटकात १९९९ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये आपत्तीच्या वेळी निविदेतून सूट मिळते. ही सूट असलीच पाहिजे. माणसं गुदमरत असताना निविदा उघडायची तारीख कोण बघत बसेल? पण सूट निविदेपुरती आहे, हिशोबातून कुणाला सूट नाही. माहिती अधिकार कायद्यातलंही कलम ४ च आहे आणि ते सांगतं, की सरकारने खर्चाची माहिती कुणी अर्ज करायची वाट न बघता स्वतःहून मांडावी. पहिलं कलम ४ तत्परतेने वापरलं गेलं. दुसरं कपाटात राहिलं.

महाराष्ट्रातही तेच. प्लेगच्या काळात, १८९७ साली, इंग्रजांनी केलेल्या साथरोग कायद्याकडे बोट दाखवून मुंबई महापालिकेने कोविडच्या सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रं ‘कॅग’ला दिली नाहीत. साथ आवरायला केलेला कायदा हिशोब टाळायला वापरला गेला, याची मला आजही चीड येते.

बेंगळुरूत हिशोब मागायची वेळ फार लवकर आली होती. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष एच. के. पाटील यांना खरेदीची तपासणी करायची होती. मे २०२० मध्ये विधानसभाध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी यांनी कोविडचं कारण देऊन समित्यांच्या प्रत्यक्ष पाहण्यांना मनाई केली. माझ्या मते सगळं बिनसलं ते इथे. तेव्हा साठा गोदामात होता, पुरवठादार समोर होते, बिलं ताजी होती, आणि दुसरी लाट यायला जवळजवळ वर्ष बाकी होतं. चूक सापडली असती तर सुधारता आली असती.

चौकशी झाली, पण भाजपचं सरकार जाऊन काँग्रेसचं आल्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा यांचा आयोग नेमला गेला. २०१४ मध्ये जयललितांना दोषी ठरवणारे न्यायाधीश ते हेच. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी अंतरिम अहवाल दिला. देशात स्वस्त पीपीई किट मिळत असताना चिनी कंपन्यांकडून तीन लाख किट प्रत्येकी दोन हजारांहून जास्त भावाने घेतले, असा आयोगाचा ठपका आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा आणि आरोग्यमंत्री श्रीरामुलू यांच्यावर खटला चालवावा, अशी शिफारस आहे. भाजपने हे सगळं सूडाचं राजकारण ठरवलं. अहवाल मी गंभीरपणे घेतो. पण आयोग नेमणाऱ्या सरकारात तेच एच. के. पाटील मंत्री होते, तेव्हा सामान्य वाचकाला यात पक्षांचं भांडणच आधी दिसतं. चार वर्षांच्या उशिराने पुराव्याचं हे नुकसान केलं.

आम्ही मतदार तरी काय करत होतो? कोविडने आमदार बी. नारायणराव गेले म्हणून बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला पोटनिवडणूक लागली. मतदान १७ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट चढत असताना. त्याआधी नोव्हेंबरात सरकारने मराठा विकास मंडळ आणि पन्नास कोटी जाहीर केले होते. आम्हा मराठी माणसांत त्या मंडळावर भरपूर बोलणं झालं. ज्या रोगाने आमदार नेला, त्या रोगावरच्या खर्चाचा कागद दाखवा, असं म्हणणारे थोडे होते.

वेळेवर विचारलं तर काय होतं, ते शेजारी औरंगाबादेत दिसलं. पीएम केअर्समधून तिथल्या शासकीय रुग्णालयाला आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष निघाल्याचं मे २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आलं. केंद्राने यंत्रांची बाजू घेतली, तेव्हा न्यायालयाने सुनावलं, की रुग्णांचा विचार आधी करा. रुग्ण अजून खाटेवर होते तेव्हाची ही गोष्ट. ब्रिटनमध्ये निविदेशिवाय दिलेल्या कंत्राटांचा तपशीलही तीस दिवसांत छापावा लागतो. तो वेळेत छापला नाही म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने आरोग्यमंत्र्यांची कृती बेकायदा ठरवली.

आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात आरोग्य रक्षा समिती आहे. तातडीने घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा भाव, नग, पुरवठादार आणि किती चालू, किती बंद, हे महिन्याच्या आत या समितीपुढे वाचलं जावं आणि फाटकावर लागावं, कन्नडमध्ये आणि औराद-भालकीकडे मराठीतही. त्यासाठी नवा कायदा नको, माहिती अधिकाराचं कलम ४ पुरेसं आहे. पुढच्या साथीची वाट न बघता, २०२०-२१ मध्ये बीदर आणि कलबुर्गीच्या दवाखान्यांत आलेल्या यंत्रांपासूनच ही यादी सुरू करावी.