आधी चार माग, मग सारा कारखाना

भिवंडी-मालेगावात धंदा बदलायचे ठरले की पहिली चर्चा कर्जाची आणि नव्या मशीनची होते. कारीगराला नवे काम कोण शिकवणार, हा प्रश्न मशीन बसल्यावर आठवतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

जपानचे उदाहरण आपल्याच धंद्यातले आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. मागावर डोळे लावून उभे राहण्याऐवजी तो का थांबला, हे शोधणे कामगाराचे काम झाले. त्याच घराण्याच्या सूतगिरणीत ताईची ओनो १९३२ मध्ये नोकरीला लागले आणि १९४३ मध्ये टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेले. दोष दिसताच काम थांबवायचे आणि 'का?' हे पाच वेळा विचारायचे, ही शिस्त त्यांनी तिथे रुजवली. मागावरचा तजुर्बा मोटारीच्या कामी आला.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साध्या मागाला असे थांबवणारे भाग बसवण्यासाठी अनुदान होते. पण भाग बसला म्हणजे काम झाले, असे नाही. कारीगराची मजुरी मीटरवर ठरते. माग थांबला की त्याची रोजी बुडते, म्हणून तो तो भागच बंद करून ठेवतो. यात त्याचा काय दोष? तागा मात्र बाजारातून परत येतो आणि नुकसान मालकाच्या माथी बसते.

म्हणून कारखानदार बंधूंना माझी सूचना आहे. आधी चारच माग निवडा. तीन महिने त्या मागांवरच्या कारीगरांना ठरलेला रोज द्या. धागा किती वेळा तुटला, कोणत्या सुताचा, कशामुळे, हे एका वहीत लिहा. आठवड्याचा पगार वाटताना मुकादम आणि कारीगरांसोबत ती वही वाचा. सूत कोणाकडून घ्यायचे, पुढचे माग कोणते बदलायचे, हे तिच्यावरून ठरवा. जो कारीगर शिकला, त्याला पुढच्या मागांवर उस्ताद नेमा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी ती वही एकदा उघडून पाहावी.