बिघडवायला कापड कुठून आणू?

मागच्या महिन्यात असल्फ्याच्या वस्तीतल्या आमच्या गटाच्या बैठकीला मी स्वतः शिवलेला ड्रेस घालून गेले. होजिअरीचा, गुडघ्याखाली येणारा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला. बैठकीचा विषय रेशनकार्डांचा होता, पण बायकांचं लक्ष माझ्या ड्रेसच्या खालच्या कडेकडे. कडेला लाटा आल्या होत्या. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, कापड ओढून टीप मारलीत ना?" सगळ्या हसल्या, मीही हसले. रेशनकार्डं बाजूला राहिली आणि पुढचा अर्धा तास आम्ही कापडाबद्दल बोललो. त्या अर्ध्या तासाने मला बरंच काही नव्याने विचार करायला लावलं, म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू सांगते. आमच्या मुलुंडच्या घरात पायमशीन होती. "मुलीच्या जातीला शिवण आलं पाहिजे" हे वाक्य ऐकत मी वाढले आणि म्हणूनच मशीनला हात लावायचं टाळत राहिले. एम.एस.डब्ल्यू. करताना आणि पुढे संस्थेत काम करताना या टाळण्याला तात्त्विक आधारही मिळाला. बायकांसाठी काही करायचं म्हटलं की शिवणक्लास, पापड आणि लोणची! बाईला चार भिंतींतच बसवणारी ही कामं, असं आम्ही शिबिरांतून बोलत आलो. ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मशीनला नाकारताना त्या मशीनवर बसलेल्या बाईचं ज्ञानही आपण नाकारतो आहोत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर, आईची मशीन मी तिशी उलटल्यावर उघडली. कारण साधं होतं. लोकलमध्ये चुरगळणार नाही, चढता-उतरता पायांत येणार नाही आणि पास, किल्ली, मोबाईल राहतील एवढे खिसे असतील, असा ड्रेस मला हवा होता. बाजारात बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, आणि असलेच तर त्यांत बोटं जेमतेम शिरतात. म्हटलं, आपणच शिवू.

पहिले दोन ड्रेस बिघडले. का बिघडले ते सविस्तर सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे.

साध्या सुती कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांतून विणलेले असतात. होजिअरीत धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, आजीने विणलेल्या स्वेटरसारखे, फक्त फार बारीक. म्हणून ते कापड ताणलं जातं आणि सोडलं की जागेवर येतं. आडवं जास्त ताणलं जातं, उभं कमी. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कापड वाचावं म्हणून मी तुकडे आडवे लावून बेतले. जो ताण अंगाभोवती यायचा तो उंचीत गेला. ड्रेस कमरेत आवळला आणि खाली लोंबू लागला. मशीनला नेहमीची टोकदार सुई होती. तिने फास तोडले, शिवणीच्या कडेने बारीक भोकं पडली आणि भोकांपासून शिडीसारखं कापड उसवत गेलं. डोक्यातून घालताना सरळ टीप तटतट तुटली, कारण कापड ताणलं गेलं आणि टिपेचा दोरा ताणला गेला नाही.

दुसऱ्या वेळी मी गोल टोकाची, 'बॉल पॉइंट' म्हणतात ती सुई आणली. ती फास तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. शेजारणीच्या मशीनवर बारीक झिगझॅग टीप मारली. ड्रेस अंगाला बसला! पण कापड आधी धुतलं नव्हतं. पहिल्याच धुण्यात तो इतका आटला की उशीची खोळ करावी लागली. तिसऱ्या वेळी कापड धुऊन, वाळवून, रात्रभर सपाट पसरून ठेवलं आणि मग बेतलं. बैठकीत हसू झालेला तो हाच ड्रेस. खालची कड मात्र मी ओढून शिवली होती.

मावशींनी हे सगळं कड बघूनच ओळखलं. म्हणाल्या, "या कापडाला ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. त्याला आपसूक जाऊ द्यायचं. कडेखाली वहीच्या कागदाची पट्टी ठेवा, टीप मारा, मग कागद फाडून काढा." मला दोन ड्रेस आणि तीन आठवडे लागले, ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. मी विचारलं, "मावशी, तुम्ही हे कुठे शिकलात?"

त्या साकीनाक्याच्या एका कारखान्यासाठी घरी बसून लहान मुलांच्या होजिअरी फ्रॉकांच्या कडा शिवत होत्या. मजुरी नगावर. मशीन त्यांची, वीज त्यांची, सुई-दोरा त्यांचा. काम आणून देणारा माणूस पहिल्यांदा गठ्ठा टाकून गेला तेव्हा हे कापड कसं शिवायचं ते त्याने सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात बारा नग परत आले. त्यांची मजुरी तर मिळाली नाहीच, वर कापडाचे पैसे कापले गेले. हिशेब तोंडी. "मग शिकले," मावशी म्हणाल्या. "पैसे कापले गेले की बाई लवकर शिकते."

मी विचारलं, "स्वतःसाठी कधी शिवलंत का असं काही?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी बिघडवायला कापड कुठून आणू?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तीच सुई, तेच कापड, तीच चूक. माझ्या घरी त्या चुकीला 'शिकणं' म्हणतात आणि मावशींच्या घरी 'नुकसान'. मी कापड वाया घालवलं तर घरचे चेष्टा करतात. त्यांनी घालवलं तर त्या आठवड्याचं दूध बंद होतं. चूक करता येणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तेसारखीच ती बायकांच्या नावावर क्वचित असते.

कायदा काय म्हणतो? नुकसानीपोटी मजुरीतून कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण ज्या बाईकडे हजेरीपुस्तक नाही, कागद नाही, जिला मालकाचं नावही ठाऊक नाही, तिने बाजू मांडायची कोणापुढे? घरून काम करणाऱ्या कामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावं, असं सांगणारा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये, १७७ क्रमांकाचा करार म्हणून संमत केला. त्यासाठी अहमदाबादच्या 'सेवा'ने मोठी धडपड केली. आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आणि आपण काय करतो? महानगरपालिकेच्या योजनांतून बायकांना शिलाई मशीन मिळावी म्हणून आपण अर्ज भरून देतो. मशीन मिळाली की फोटो काढतो. शिवणक्लासमध्ये आजही मुख्यतः ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस शिकवतात, तेही सुती कापडावर सरळ टिपेने. बाजारात मात्र लेगिंग, टी-शर्ट, गाऊन, मुलांचे कपडे असा सगळा होजिअरीचा माल वाढला आहे. त्याला ओव्हरलॉक मशीन लागते, वेगळी सुई लागते आणि वेगळा हात लागतो. तो हात आपण शिकवत नाही. मग तो कंत्राटदार शिकवतो, मजुरी कापून.

कोणी म्हणेल, शिवणकामातच बायकांना का अडकवायचं? प्रश्न रास्त आहे. दुसरी कामं शोधलीच पाहिजेत. पण असल्फ्यातल्या ज्या बाया आज मशीनवर बसल्या आहेत त्यांना 'थांबा' असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय हेच कापड एकेकाळी पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं होतं. १९१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये कोको शनेल यांनी त्यातून बायकांचे बाहेरचे कपडे केले, आणि आवळून बांधलेल्या शरीराला हालचाल करता येऊ लागली. शिवणकाम बाईला बांधतं की मोकळं करतं, हे कोण कोणासाठी आणि कोणाच्या अटींवर शिवतं यावर ठरतं.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, शिवणाच्या प्रत्येक प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात 'बिघडवायचं कापड' असा स्वतंत्र खर्च दाखवावा. होजिअरीचे कटपीस किलोवर मिळतात, खर्च फार येत नाही. दोन, एकेकीला एकेक साधी मशीन देण्याबरोबर गटाच्या नावावर एक ओव्हरलॉक असावी. तीन, नगावर काम घेणाऱ्या प्रत्येक बाईने एक वही ठेवावी. तारीख, किती नग आले, किती गेले, किती परत आले, का परत आले आणि किती पैसे कापले. उद्या बाजू मांडायची वेळ आली तर हीच वही बोलेल. आणि शिकवायला बाहेरून कोणी आणू नका. मावशींना बोलवा, आणि त्यांना मानधन द्या.

आमच्या गटाने सुरुवात केली आहे. गेल्या रविवारी पाच किलो कटपीस आणून टाकले आणि सांगितलं, आज काही चांगलं शिवायचं नाही, फक्त बिघडवायचं. पहिला तासभर कोणी कात्री लावेना. मग मावशींनी पहिला तुकडा घेतला आणि स्वतःच्या मापाने गाऊन बेतला. खिसे लावायला विसरल्या नाहीत. गळा थोडा मोठा झाला आहे. पुढच्या रविवारी त्या दुसरा शिवणार आहेत.

तुमच्या गटात काय होतं? चुकीचे पैसे कोण भरतं? जरूर लिहा.