‘काय झालं?’ विचारण्याचे शिक्षण

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. महिला पोलीस उपनिरीक्षक चार वर्षांच्या मुलीला विचारतात, ‘‘त्या काकांनी तुला इथे हात लावला ना?’’ मुलगी मान हलवते. जबाबात ‘होय’ अशी नोंद होते. अधिकारी साध्या वेशात आहेत, आवाज मायेचा आहे, आई शेजारी बसली आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने सांगितलेले सगळे पाळले गेले आहे. तरीही त्या एका ‘ना’ने खटल्याच्या पायात दगड बांधला. पुढे न्यायालयात बचाव पक्षाचा वकील एवढेच म्हणेल, की हे उत्तर मुलीचे नाही, विचारणाऱ्या बाईंचे आहे. आणि त्याला खोडून काढणे अवघड जाईल, मुलगी शंभर टक्के खरे सांगत असली तरी.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो कायदा मुलांच्या बाजूने बारकाईने विचार करतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असावी, शक्य तिथे दृकश्राव्य चित्रण करावे, न्यायालयात वकिलाने थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत प्रश्न विचारावेत. जागा, कपडे, माणसे, सगळ्यांची तरतूद आहे. प्रश्न कसा विचारायचा आणि तो विचारायला कोणी, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली शिकायचे, याची मात्र तेवढी पक्की व्यवस्था नाही. सगळ्यात नाजूक काम त्या त्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडले गेले आहे.

प्रश्नाची ताकद किती असते? अमेरिकेत मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. बालवाडीत सॅम स्टोन नावाचा एक पाहुणा आला, दोनेक मिनिटे फिरला आणि निघून गेला. त्याने कशालाही हात लावला नाही. मुलांच्या एका गटाला तो येण्याआधी ‘सॅम फार वेंधळा आहे’ असे ऐकवले होते, आणि नंतर अनेक आठवडे ‘सॅमने पुस्तक फाडले तेव्हा...’ अशा थाटाचे प्रश्न विचारले गेले. शेवटी नेमके विचारल्यावर या गटातल्या तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी सॅमने नासधूस केल्याचे सांगितले. ज्या मुलांच्या मनात आधी काही भरवले नव्हते आणि ज्यांना ‘तो आला तेव्हा काय झालं ते सांग’ एवढेच विचारले, त्यांच्यापैकी कोणीही आपणहून असे काही सांगितले नाही. पाहुणा तोच, वय तेच.

कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात हे खऱ्या आयुष्यात घडले. १९८३ मध्ये लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली, शेकडो मुलांना प्रश्न विचारले गेले, खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. मुलांच्या मुलाखतींचे चित्रण ज्युरींनी पाहिले. प्रश्नकर्त्यांनी मुलांच्या तोंडी शब्द घातल्याचे त्यात दिसत होते. त्या मुलांपैकी कोणावर खरोखर काही ओढवले होते का, हे ठरवण्याचा मार्गच त्या प्रश्नांनी बंद केला. चुकीच्या प्रश्नाचा धोका फक्त निरपराध आरोपीला आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भाग नीट पाहावा. खऱ्या गुन्हेगारालाही सुटायला तोच प्रश्न मदत करतो.

मराठी मुलांशी बोलताना आणखी काही खाचखळगे आहेत. आपल्याकडे प्रत्येक पुरुष ‘काका’ असतो. रिक्षावाले काका, व्हॅनवाले काका, वॉचमन काका, आणि वडिलांचा सख्खा भाऊही काकाच. मुलाने ‘काका’ म्हटल्यावर अधिकाऱ्याने मनात एक चेहरा ठरवून पुढे जाणे फार सोपे आहे. ‘काल’ म्हणजे लहान मुलासाठी मागचा कुठलाही दिवस. ‘परवा’ तर मोठ्यांच्या बोलण्यातही मागचा आणि पुढचा, दोन्ही असतो. तेव्हा ‘कधी झालं?’ यापेक्षा ‘तेव्हा शाळेचा ड्रेस घातला होतास की घरचा?’ यातून जास्त हाती लागते. आणि एक सवय वर्गातली. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, की पहिले उत्तर चुकले असे मूल समजते आणि उत्तर बदलते. पोलीस ठाण्यातही ते तसेच करते. वकील त्याला विसंगती म्हणतात.

यावर तोडगा आहे, आणि तो जुना आहे. इस्रायलने १९५५ सालीच कायदा करून लहान मुलांचा जबाब घेण्याचे काम खास प्रशिक्षित अधिकाऱ्यांकडे दिले. पुढे मानसशास्त्रज्ञ मायकल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बालआरोग्य संस्थेत एक पद्धत बसवली. आधी मुलाशी ओळख. मग ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग’ अशी मोकळीक. मग गेल्या वाढदिवसासारखा साधा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगण्याचा सराव. त्यानंतरच मूळ विषय, तोही ‘काय झालं ते सगळं सांग’ असा. आइसलँडने १९९८ मध्ये मुलांसाठी वेगळे घरच उभारले. तिथे एकच प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते. न्यायाधीश, पोलीस, वकील शेजारच्या खोलीतून पाहतात. आपल्याकडे तीच गोष्ट मुलाला आई, शिक्षिका, पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी आणि न्यायालय, अशी सहा ठिकाणी सांगावी लागू शकते.

लॅम्ब यांच्या गटाच्या कामातून एक अप्रिय गोष्टही पुढे आली. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेने ज्ञान वाढते, प्रश्न विचारण्याची सवय बदलत नाही. घेतलेले जबाब कोणीतरी जाणकाराने नियमित तपासून ‘इथे तू सुचवलंस, इथे थांबायला हवं होतंस’ असे सांगितले तरच फरक पडतो, आणि ते थांबले की सुधारणाही ओसरते. म्हणून नाशिकच्या पोलीस अकादमीत एक व्याख्यान ठेवून भागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात निवडक अधिकारी, त्यांचे चित्रित जबाब दर महिन्याला तपासणारी यंत्रणा, आणि निदान काही वर्षे बदली नाही, एवढे तरी सरकारने करायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंडू खटल्यात, म्हणजे महाराष्ट्रातल्याच एका मूकबधिर मुलीच्या प्रकरणात, दुर्बल साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रे उभारायला सांगितले. खोल्या झाल्या, होत आहेत. पण धडगावची पावरी बोलणारी किंवा मेळघाटातली कोरकू बोलणारी मुलगी त्या खोलीत बसेल, तेव्हा प्रश्न दुभाष्यामार्फत जाईल. दुभाष्याची सोय कायद्यात आहे. त्यालाही शिकवावे लागेल, की अधिकाऱ्याने विचारलेले ‘काय झालं?’ मुलीपर्यंत पोचताना ‘असं झालं का?’ होता कामा नये.