अशक्तपणा सलाईनने जात नाही, आणि तो आळसही नाही!

होळी झाली की माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येते. "डाक्टर, आंगमा तागद नही शे. एक बाटली लाई द्या." बोलणारी बहुतेक वेळा शेतमजूर बाई असते. वजन चाळीस किलोच्या आसपास, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या, हिमोग्लोबिन आठ-नऊ. ती बाहेर जाते आणि तिच्यामागून आलेला एखादा शेतकरी मला सांगतो, "डॉक्टर, यांना काही झालेलं नाही. सरकार फुकट धान्य देतं ना, म्हणून माजलेत. कामाला मजूर मिळत नाही."

दोघेही माझे पेशंट आहेत. पण आज दोघांनाही स्पष्ट सांगायचे आहे: तुमचे निदान चुकले आहे.

आधी बाटलीचा हिशोब पाहू. अर्ध्या लिटरच्या 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्यातून फार तर 100 कॅलरी मिळतात, एका लहान भाकरीइतक्या. साध्या सलाईनमध्ये तर फक्त मीठ आणि पाणी असते, कॅलरी शून्य. दोन्हींत प्रथिने नाहीत, लोह नाही. त्यासाठी बाई एक-दोन दिवसांची मजुरी मोजते. तेवढ्या पैशात घरात दोन-तीन किलो हरभऱ्याची डाळ आली असती. बाटली लावल्यावर बरे वाटते, कारण तासभर पंख्याखाली आडवे पडायला मिळते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही मागेल त्याला बाटली लावत होतो. पेशंट खूश व्हायचा, पैसेही मिळायचे. ते चूक होते. आजही जे डॉक्टर असे करतात, ते गरिबाच्या ताटातली डाळ काढून घेतात.

(जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले, ऊन लागले, बीपी उतरले, तर सलाईन जीव वाचवते. तेव्हा नाही म्हणू नका.)

आता फुकट धान्याचा हिशोब. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, त्यातून 600 पेक्षा कमी कॅलरी मिळतात. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने कष्टाचे काम करणाऱ्या बाईला दिवसाला 2720 कॅलरी लागतात, पुरुषाला 3470. म्हणजे बाईच्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा रेशनमधून भागतो. उरलेले चार हिस्से, शिवाय डाळ, तेल, भाजी, औषध हे सगळे विकत आणायचे. एवढ्या धान्यावर कोणी घरी बसून माजू शकतो का? ज्याला वाटते त्याने एक आठवडा 165 ग्रॅमवर निंदणी करून दाखवावी.

मग सीझनला मजूर का मिळत नाही? कारण तो बारमाही काम शोधत गेला. कपाशीची वेचणी किलोवर असते आणि संक्रांतीनंतर ती संपत येते. रावेर-यावलला केळीमुळे वर्षभर थोडेफार काम असते. पण पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात फेब्रुवारी ते जून काय करायचे? साक्री आणि सातपुड्याच्या पट्ट्यातले लोक ऊसतोडीला जातात, कोणी सुरतेला. चार महिने काम द्यायचे आणि आठ महिने आळशी म्हणायचे, हा न्याय नव्हे.

1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने मागेल त्याला काम दिले. जुन्या माणसांना खडी फोडणे आणि सुकडी आजही आठवते. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला आणि पुढे देशाने तो उचलला. ती भीक नव्हती, घामाचा मोबदला होता.

दुसरी गोष्ट डाळीची. रेशनमध्ये गहू-तांदूळ मिळतो, त्याने पोट भरते. रक्त आणि स्नायू भरत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या लोकांना माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. हा अभ्यास 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. दीड किलो डाळ एखाद्या औषधासारखी काम करते, तर ती रेशनवर का नको? तामिळनाडूत तूरडाळ आणि पामतेल रेशनवर स्वस्तात मिळते. आपण तर डाळ पिकवतो! आपली दादर ज्वारी आणि उडीद घातलेली कळण्याची भाकरी कोणत्याही टॉनिकपेक्षा सरस आहे. ती गरिबाच्या ताटातून का गेली, हे आमदार-खासदारांना विचारा.

तोपर्यंत तुम्ही एवढे करा:

• थकवा महिनाभर टिकला तर बाटली मागू नका, तपासणी मागा: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड. दोन आठवडे खोकला, ताप किंवा वजन घटत असेल तर थुंकी तपासा. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.
• लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. जेवणात लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या.
• कामाला परगावी गेलात तरी तिथल्या रेशन दुकानात तुमच्या कार्डावर धान्य मिळते. ते सोडू नका.
• ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क आहे. तोंडी मागणीला कोणी विचारत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, कपाशीला भाव मिळत नाही म्हणून तुम्ही चिडता, ते बरोबरच आहे. पण तुमचा भाव त्या चाळीस किलोच्या बाईने खाल्लेला नाही. पुढच्या वेळी ती बाकावर शेजारी बसली, तर तिला आळशी म्हणण्याआधी एवढेच विचारा: "बाई, आज काय खाल्लं?"